गाळलेलं नाव

(शिकागोचं एक उपनगर. निवृत्त डॉक्टर पद्मिनी शेजारच्या सत्त्याऐंशी वर्षांच्या अल्गिसच्या घरी.)

पद्मिनी : अहो, फाडलंत कशाला? दोन तास बसून टाइप केलं होतं मी!

अल्गिस : खोटं होतं, डॉक्टर.

पद्मिनी : खोटं काय त्यात? १९४९ साल, लिथुएनियातून आलेली नऊ निर्वासित मुलं, चर्चमागचं मैदान, तुमचं स्काउट पथक. उद्या पंचाहत्तर वर्षांचा समारंभ, आणि भाषण फाडता?

अल्गिस : स्टासिसचं नाव नाही त्यात. पथक त्याने उभं केलं. आठवडाभर खाटीकखान्यात राबायचा, रविवारी आम्हाला तंबू ठोकायला शिकवायचा. भाऊ म्हणायचो आम्ही त्याला.

पद्मिनी : मग नाव गाळलं कुणी?

अल्गिस : सगळ्यांनी. तिसऱ्याच रविवारी गल्लीतली पोरं आली. 'परत जा' ओरडत विटा मारायला लागली. एक वीट आमच्यातल्या दानुतेच्या तोंडावर बसली. सात वर्षांची होती. दात पडले, रक्त थांबेना. माझ्या हातात तंबूची लोखंडी खुंटी होती. त्यांच्यातला एक पळताना पडला. मी त्याच्या छातीवर बसलो.

पद्मिनी : अल्गिस...

अल्गिस : मारत सुटलो. तोंडावर, डोळ्यावर. तो आईला हाका मारत होता. हाका थांबल्या, माझा हात थांबेना. स्टासिसने मला खेचून काढलं, खुंटी हिसकावली. पोलीस आले तेव्हा ती त्याच्या हातात होती. तो म्हणाला, 'मी मारलं.'

पद्मिनी : मुलगा वाचला का?

अल्गिस : वाचला. डोळा गेला.

पद्मिनी : आणि तुम्ही गप्प राहिलात?

अल्गिस : बाबांनी तोंड दाबलं माझं. बोललास तर सगळ्यांना रशियनांच्या ताब्यातल्या लिथुएनियात परत पाठवतील, म्हणाले. स्टासिस दोन वर्षं तुरुंगात होता.

पद्मिनी : बारा वर्षांचं पोर काय करणार हो?

अल्गिस : चौदाव्या वर्षी काय केलं, ते ऐका. तो सुटून थेट पथकाच्या बैठकीला आला. आईबाप ओरडायला लागले, असला माणूस मुलांजवळ नको. दाराशी मी उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दार लावून घेतलं.

पद्मिनी : ...हे उद्या सांगणार? लहान मुलांसमोर?

अल्गिस : सांगणार. पण आधी मला स्टासिसच्या मुलीकडे घेऊन चला. तुम्ही ड्राइव्ह कराल ना?

पद्मिनी : करेन. पण ती येईलच की समारंभाला.

अल्गिस : नाही येणार. तिला वाटतं, तिच्या बापाने एका पोराचा डोळा फोडला.