ओढ्याच्या दोन बाटल्या

हॅलो?… हां आनंदी, बोल. पटकन बोल, साडेअकराला सुनावणी आहे…

आला ना. काल संध्याकाळी आला रिपोर्ट. पाणी स्वच्छ!… हो, स्वच्छ. गढूळपणा नाही, काही नाही… अगं, खाणीखालच्या ओढ्याचं पाणी ते! सरळ आपल्या धरणात उतरतं आणि मग तुझ्या-माझ्या नळाला येतं. हिंदुरावांच्या शेताच्या बांधावर उभी राहून मी स्वतः भरलंय. चहा बरा, असा राखाडी रंग होता… तेच तर! आज खाण मोठी करायची परवानगी द्यायची की नाही ते ठरणार, आणि आपलाच पुरावा म्हणतोय, खुशाल खणा.

नाही, नाही… अगं ऐक ना. बाटल्या कुणीतरी बदलल्यात. लिहून देते मी… कोण म्हणजे? बद्रीनाथ. मला गाडीने साडेपाचला वारज्याला घरी सोडलं आणि बाटल्या घेऊन एकटेच तुझ्याकडे आले की नाही? त्यांचा मेहुणा त्याच खाणीच्या खडी-क्रशरवर सुपरवायझर आहे. परवा कळलं मला… छे, कधी बोलले नाहीत… हो, विचारलं. सकाळीच फोन केला. म्हटलं, तुम्ही पण फितूर झालात का?… काही नाही. ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. खरा माणूस चिडला असता की नाही?

तुझ्याकडे किती वाजता आले?… सहाला? म्हणजे वाटेत कुठे थांबले नाहीत… असू दे. लॅब बंद, म्हणून रात्री तुझ्या फ्रीजमध्ये. झाकणावरची चिकटपट्टी शाबूत होती?… होती. आणि सकाळी तू लॅबमध्ये दिल्यास तेव्हा?… आनंदी? म्हणजे काय, नव्हती?

नवीन बाटल्या? कसल्या नवीन?… थांब. पहिल्यापासून सांग… तुरटी फिरवलीस… बरं… मग चौपदरी पंच्यातून गाळलंस… उकळलं का?… नाही. उपकार झाले!… कशाला पण, आनंदी?… ‘असलं घाण पाणी आपल्या घरातून कसं पाठवायचं’… अगं, तपासायला पाठवत होतो, पाहुण्यांना प्यायला नव्हे!

रडू नकोस… नाही रागावले. रागावलेय, पण रडू नकोस. चुकलं माझंच. नुसतं ‘लॅबमध्ये नेऊन दे’ म्हणाले, उघडू नकोस म्हणाले नाही. तुला ओळखून असूनसुद्धा… आणि त्या भल्या माणसाला मी काय काय बोलले गं!

तो पंचा धुतलास?… अर्थात धुतलास… दोनदा? आणि तरी डाग आहे?… राखाडी?… मग तो घे आणि रिक्षाने नीघ. सरळ सुनावणीला ये… तू काय बोलणार? हेच. तुरटीपासून सगळं सांग. रिपोर्ट मी मागे घेते, पुन्हा नमुना घ्या म्हणते, त्या अधिकाऱ्यांसमोर… हसतील. हसू देत. पण तुला ते पाणी बघून घराबाहेर काढवेना, हे त्यांना ऐकू दे ना. तेच पाणी ते आपल्याला प्यायला लावणार आहेत.

थांब, बेल वाजली… आले, आले!… आनंदी, बद्रीनाथ आलेत. खाली गाडी लावून… अगं, मला न्यायला. ठरल्याप्रमाणे, अकराला पाच कमी… एवढं बोलले मी, तरी.

नको, तू नको सांगूस त्यांना. मीच सांगते. ठेव फोन, दार उघडायचंय मला.