शरयूची तुला

मंडळी, लेकरावरची माया मोजायची कशात? किलोत? आम्ही तेच करत आलो — ऐका!

या पौषातली गोष्ट. आमच्या टेकडीवरच्या देवळात सकाळची आरती चालली होती. मी झांज धरून उभा. तेवढ्यात माझी नात शरयू एकशे वीस पायऱ्या चढून वर आली. म्हणाली, "आबा, आजी उठत नाहीये."

माझी सुभद्रा गेली होती. त्या घाईत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ती शेवटी सांगतो.

शरयूचे आईबाप शहरात कामाला, पोर आमच्याकडं. नवस होता — दर चैत्राच्या यात्रेत तिची गुळाची तुला! एका पारड्यात पोर, दुसऱ्यात ढेपा. अकराव्या वर्षी अठ्ठावन्न किलो भरली. गूळ गावभर वाटला. सुभद्रा मिरवली, मीही मिरवलो. पण त्या दिवशी पायऱ्या चढताना पोर तीन ठिकाणी बसली, हे कुणी मनावर घेतलं? कुणीच नाही.

मग शाळेच्या तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तिची काळवंडलेली मान पाहिली. आम्ही ती मळ समजून रोज घासत होतो, मंडळी! ती आतल्या बिघाडाची खूण निघाली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. यकृतात चरबी साठलेली. सुभद्रा म्हणाली, "बाई, मी माळकरी. आमच्या घरात दारूचा थेंब नाही."

बाईंनी समजावलं की याला दारू लागत नाही. गोड, तळकट आणि बसून राहणं पुरतं. औषध म्हणजे जेवण, खेळ, झोप. आणि बदलायचं सगळ्या घरानं, एकट्या पोरीनं नाही.

घरी येऊन मी विचारलं, एवढं गोड हिला मिळतं कुठून? सुभद्रानं खुंटीवरची माझी पिशवी काढून पुढ्यात ठेवली. गावोगावच्या कीर्तनात मिळालेले पेढे, जिलबी, बत्तासे — प्रसादाला नाही कसं म्हणायचं? सगळं नातीला! सुभद्रा म्हणाली, "अहो, पुण्य तुम्ही मिळवता आणि साठवता पोरीच्या लिव्हरात."

त्या दिवसापासून सगळ्यांचं ताट एक. भाकरी, डाळ, पालेभाजी. सरबत बंद, बिस्किटं बंद. रोज संध्याकाळी दोघी टेकडीवर. शेजारीण एकदा 'जाडे' म्हणून हाक मारायला गेली. सुभद्रा शांतपणे म्हणाली, "तिला नाव आहे." मार्गशीर्षात रक्ताचा अहवाल सुधारला. आणि पौषात सुभद्रा गेली.

तेराव्यानंतर मला उमगलं. त्या सकाळी शरयू एकशे वीस पायऱ्या कुठंही न बसता चढली होती. मी रडलो मंडळी, पण अभिमानानं ऊरही भरून आला. ते पोरीचं बळ, आणि सुभद्राचे हात त्यामागं.

आज मला पेढे बांधून देऊ नका. तुमच्याही देवळाला पायऱ्या आहेत. उद्या सकाळी लेकराचा हात धरून चढा. ते कुठं बसतं ते बघा. हसू नका. त्याच्याशेजारी बसा.

यंदा आमची तुला नाही. शरयूची दुसरी सोनोग्राफी राहिली आहे. सुभद्रा तिला नेणार होती. अजून झालेली नाही.