बिनपायरीची आळी

माझं माहेर कोरेगावचं, वडील मिल्ट्रीत, त्यामुळं घोंगडीचा माग म्हंजे काय ते मी लगीन होऊन हितं उंब्रजजवळ घोंगडी इणणाऱ्या सनगरांच्या आळीत आले तवाच पयल्यांदा बघितलं. आन् बघते तर काय ताई, आळीत एका बी घराला पायरी न्हाई! दारात नुसता सुटा दगड. आत्तींनी, माझ्या सासूबाईंनी सांगितलं, अगं, लोकरीचं सूत आळीभर लांब ताणायचं, त्याला चिंचोक्याची खळ लावायची, वाळलं की मागावर घ्यायचं; पायरी बांधली की ताणा अडकतो. ताणा लागला की दगड बी उचलून आत. म्या इचारलं, मग म्हाताऱ्या माणसानं घरात जायाचं कसं? तर म्हणल्या, पोरं कशाला असत्यात?

मला काय पोर झालं न्हाई. पण दिराचा सदा माझ्याच अंगाखांद्यावर वाढला, ताण्याचं पल्याडचं टोक त्योच धरायचा.

मग बाजारात ब्लँकेटं आली, माणसं पुण्या-मुंबईला गेली, सदा बी गेला, दारादाराला कुलपं. एकटा माझा माग खडखडत ऱ्हायला. शेवटी सदा रिटायर होऊन आला, म्हणला, काकी, हितंच घर बांधतो. त्याचं बघून आणखी चौघं म्हणाय लागली, आमी बी येतो. मी लय हरकले, पुरणपोळ्या केल्या. आन् ह्या शाण्यानं आळीत फरशीच्या तीन पायऱ्या काढल्या की! म्या म्हणलं, सदा, ताणा रं? तर म्हणतोय, आता कसला ताणा घिऊन बसलीयास. लय झोंबलं बगा. भांडावं तर त्यो माघारी जाईल, ती चौघं बी येणार न्हाईत. गप बसावं तर समदीच पायऱ्या काढणार, मग माग बंद.

न्हाई भांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूत लावलं आन् हाक मारली, सदा, टोक धर रं. आला. जुन्या सवयीनं टोक धरून मागं मागं चालत गेला आन् सोताच्याच पायरीला अडकून तितं ठेवलेल्या खळीच्या घमेल्यात धपकन बसला! खळ समदी नव्या प्यांटीला. आदी मी हसले, मग त्यो, आन् हसता हसता डोळ्यांत पाणी, म्हणला, काकी, मी इसरलोच होतो गं. त्याच दिवशी त्यानंच पायऱ्या फोडल्या.

आता आळीत माझ्यासकट सा घरं उघडी हायती, साच्या सा दारात सुटा दगड. माझं गुडघं तेवढं ग्येलं. परवा ताणा लागलेला, दगड आत, आन् मी भाईर. सदा म्हणतोय, काकी, तुझ्यापुरती एक बारकी पायरी करू का? म्या म्हणलं, खबरदार! उचल मला. आन् उचललं की ताई, साठीच्या पोरानं. आत्ती खोटं बोलल्या न्हवत्या. देव त्याला सुखात ठेवो, आन् त्याची कंबर धड ठेवो.