हसेल तिचा खाडा

१९७१ साली दातांच्या दवाखान्यात दोघी बहिणी माझ्या शेजारी बसल्या होत्या. धाकटी शिवणकारखान्यात नवी मुकादम झालेली, थोरली तिथलीच निवृत्त मुकादम. माझी दाढ ठणकत होती, कान मात्र तिकडेच.

“ताई, उद्यापासून सगळ्याजणी काम सोडणार म्हणतात.”

“काय केलंस?”

“बोलायला बंदी. हसेल तिचा खाडा.”

“अगं, मग हात चालायचे कसे?”

“तुझ्या वेळी गप्पा चालायच्या?”

“मीच सुरुवात करायचे. सासूची गाऱ्हाणी!”

“तुझी सासू तर देवमाणूस!”

“म्हणून तर रोज नवं रचावं लागायचं. मग एकेक मोकळी व्हायची. कुणाचं मूल तापलंय, कुणाचा नवरा रुसलाय, सगळं कळायचं.”

“मला तर सासूच नाही. मी कुणाला नावं ठेवू?”

“थोरल्या बहिणीला ठेव. लहानपणापासूनची सवय आहे.”

पुढे माझी भाची त्याच कारखान्यात लागली, तेव्हा कळलं. कुणीच काम सोडलं नव्हतं. धाकटी निवृत्त झाली तेव्हा बायका रडल्या. थोरली कधी तिथे डोकावली, की सगळ्या तोंडावर हात दाबून हसायच्या, आणि का ते धाकटीने तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.