साहेबाचा हात अन् जवसाची चटणी

मले लायसनची भीती दाखवू नका बरं! आमची जवसाची चटणी दुबईले पाठवाची होती, म्हणून तपासणीचे साहेब शेलूबाजारात आमच्या कारखान्यात आले. टोपी नाही, हातमोजे नाही, अन् सरळ परातीत हात घालून त्यायनं चटणी तोंडात टाकली!

म्या म्हटलं, "साहेब, आता हे परात बाद. माल फेकला त वहीत कारण लिहा लागते. तुमीच लिहा अन् सही करा."

साहेब भडकले, "बाई, लायसन माझ्याच सहीनं मिळणार आहे! मी फक्त नमुना घेतला."

म्हटलं, "नमुना चमच्यानं घ्यावा, असं तुमच्याच कागदावर छापून हाय. लायसन नका देऊ, पन हातानं खाल्ला तो नमुना नाही. कारणात लिहा, साहेबाचा नाश्ता!"