काकीच्या सुरकुत्यांचं माप

आमच्या काकांचा संशय म्हणजे काय सांगू! पत्रिका जुळावी म्हणून माहेरच्यांनी काकीचं वय चार वर्षं कमी सांगितलं, हे त्यांनी तीस वर्षं धरून ठेवलेलं. रंगीत टीव्ही नवे होते तेव्हा सावर्ड्याला मुंबईचे एक कातडीचे डॉक्टर आले. ते सुरकुत्या पट्टीने मोजून वहीत लिहायचे. काका काकीला घेऊनच गेले.

"डॉक्टर, हिचं खरं वय किती?"

"तसं सांगता येत नाही. उन्हानेही सुरकुत्या पडतात."

"मग ऊन वजा करून सांगा!"

काकी शांतपणे म्हणाली, "आता ह्यांचंही मोजा. सासूबाई जाताना मला काहीतरी बोलल्यात."

काका ताडकन उठले. "कलमांना पाणी घालायचं राहिलंय!"

बाहेर श्रावणातली सर धो धो कोसळत होती.