विझलेल्या चुली

सन १९५४. जालना स्टेशनावर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी अन् तिच्या गावचे कुलकर्णी उभे होते.

“पंत, प्लेगाच्या सालच्या दप्तरात माझ्या मायचं नाव हाये का?”

“नाही, दुर्गाबाई. मोडीतलं पानन् पान वाचलं.”

“घरातले सहा गेल्ते की हो!”

“आमच्या घराण्याची तीनशे वर्षांची रीत आहे. मरी आली, की ज्या घरची चूल विझली त्याच घरची नावं लिहायची.”

“अन् आमची?”

“तुमची पेटती होती.”

“मीच पेटवायची. आठ वर्साची व्हते. कुणी इस्तव देईना, म्हणून राखंतला निखारा रोज फुकून जगवायची.”

“चूल राहिली म्हणून घर राहिलं, बाई.”

“इझू द्याया पाह्यजे व्हती, पंत. मायचं नाव तरी राह्यलं असतं.”